झीज मोजा, मगच इंजिन खोला

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जन्मलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातून बाहेर पडली. शेवटच्या गाडीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मर्यादा भरली होती. या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन झिजत नव्हतं असं मुळीच नाही. ओतीव लोखंडाचा ब्लॉक बोअर करायचा, एक माप मोठे पिस्टन घालायचे आणि गाडी पुन्हा धंद्याला लावायची, ही टॅक्सीवाल्यांची जुनी रीत. अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांत अजून उभ्या दिसणाऱ्या मारुती ८००सारख्या साध्या गाड्यांसाठी ही रीत घरच्या घरी, बेताच्या पैशांत पाळता येते, असं माझं ठाम मत आहे. मात्र पैसे वाचतात ते स्वस्तातला माल आणून नव्हे, तर झीज नेमकी कुठे झाली आहे ते मोजून.

इंजिन सगळीकडे सारखं झिजत नाही. पिस्टन वेगात असतो तेव्हा रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा थर टिकतो आणि धातूला धातू लागत नाही. पण वरच्या टोकाला पोचल्यावर पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो. तिथे वेग शून्य, दाब आणि तापमान सर्वाधिक. तेलाचा थर फाटतो आणि रिंग भिंतीला घासते. म्हणून जुन्या सिलिंडरमध्ये वरून खाली नख ओढलं, तर रिंगच्या सर्वांत वरच्या थांब्याशी एक कड लागते. तिच्यावरची भिंत जवळपास मूळ मापाची असते, खालची खोल गेलेली. शिवाय पिस्टन एका बाजूला जास्त रेलतो, त्यामुळे गोल सिलिंडर हळूहळू लंबगोल होतो. उपनगरातल्या वाहतुकीत ही झीज ओडोमीटरच्या आकड्यापेक्षा बरीच पुढे गेलेली असते. मारुती ८००च्या पिस्टनचा स्ट्रोक ७२ मिलिमीटर, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात १४४ मिलिमीटर प्रवास. साकीनाक्याच्या कोंडीत गाडी ८०० आरपीएमवर तासभर नुसती उभी राहिली, तर ओडोमीटर हलत नाही, पण प्रत्येक रिंग सुमारे ७ किलोमीटर घासलेली असते. त्यात सकाळी थंड इंजिन चालू करून दोन किलोमीटरवरच्या स्टेशनपर्यंत जायचं आणि बंद करायचं, हा क्रम आणखी वाईट. इंजिन पुरतं तापतच नाही, ज्वलनातलं पाणी आणि आम्लं भिंतीवर साचतात आणि गंजाची झीज घासण्याच्या झिजेत मिसळते.

म्हणून पहिली पायरी पाना उचलण्याची नाही, कॉम्प्रेशन तपासण्याची. इंजिन गरम करा, सगळे स्पार्क प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा आणि एकेका सिलिंडरचा दाब लिहून ठेवा. मग प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला तर गळती रिंगांकडून आहे, कारण तेलाने ती फट तेवढ्यापुरती बुजली. वाढला नाही तर संशय वाल्ववर. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी निघाले तर हेड गॅस्केट पाहा. सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत रिंग की वाल्व हा फरक फार मोलाचा ठरतो. कोरड्या वायूमुळे वाल्वच्या सीट लवकर बसतात, पिकअप जातो आणि गॅरेजवाला ‘फुल इंजिन’ सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात हेड उतरवून सीट आणि वाल्वचं काम केलं की भागतं. चमचाभर तेलाने एवढा खर्च टळतो.

रिंगच गेल्या असतील, तर पुढचा निर्णय मायक्रोमीटर आणि बोअर गेज देतात. मारुतीचा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर. वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजायचं. फरक मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर होनिंग, म्हणजे दगडाने भिंतीवर बारीक रेघा पाडणं, आणि नव्या रिंगा पुरतात. नाहीतर बोअरिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग ही कामं घरची नाहीतच, ती लेथवाल्याकडे जावीत. खोलणं, खुणा करणं, धुणं, मोजणं आणि जोडणं हे घरचं, आणि वेळ खाणारं काम तेच आहे. बेअरिंगच्या कॅपा ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात. त्यांची जागा किंवा दिशा बदलली तर क्रँक धरतो, म्हणून काढण्याआधी पंचाने आकडे टाकायचे. होनिंगनंतर ब्लॉक पेट्रोलने धुण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. पेट्रोलने तेल निघून जातं, दगडाची बारीक कणी मात्र रेघांत अडकून राहते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनी घासून, तेलात भिजवलेलं पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं. मुंबईच्या पावसाळी हवेत उघडं लोखंड बघता बघता तांबूस होतं, तेव्हा वाळताक्षणी तेलाचा हात फिरवायचा.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कुर्ल्याच्या भंगारबाजारातून जुनं इंजिन आणून बसवू. पण त्या इंजिनाची झीज आपल्याला ठाऊक नसते, शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते; आपलाच ब्लॉक राखला तर हा प्रश्न येत नाही. जागेचा आक्षेप खरा आहे. चेनकप्पी लावून इंजिन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरवू नये. ते काम मेकॅनिककडून करून घ्यावं, सुटे भाग टेबलावर मावतात. काळं तेल मात्र गटारात ओतू नये, अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यावं. प्रदूषणाचा आक्षेप सगळ्यांत वजनदार. निळा धूर म्हणजे जळणारं तेल, आणि त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. नीट बांधलेलं इंजिन हे थांबवतं. तरी कन्व्हर्टरच नसलेली कार्ब्युरेटरची गाडी कितीही चांगली बांधली तरी बीएस-६ होणार नाही, आणि मुलुंड ते अंधेरी रोज ये-जा करणाऱ्याने तिच्यावर पैसे घालू नयेत असंच मी म्हणेन. ॲल्युमिनियमचे खास लेप दिलेले सिलिंडर, टर्बो, एकदाच वापरायचे बोल्ट असलेली नवी इंजिनंही घरी उघडायची नव्हेत. चासी गंजली असेल तर विषयच संपला. आणि पंधरा वर्षं झालेल्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं, तेही हिशेबात आधीच धरावं.

काम स्वतः करणार नसाल, तरी एवढं करा. ‘फुल इंजिन’ला होकार देण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा कोरडा आणि तेल घातल्यानंतरचा दाब कागदावर लिहून मागा, आणि बोअरिंग सुचवलं तर बोअर गेजची मापंही मागा. जो मेकॅनिक ती द्यायला तयार नसेल, त्याला इंजिन खोलू देऊ नका.