पात्याचा थकवा

उन्हाळ्यात यवतमाळच्या बाजारात मी माठ घेताना आधी टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर माठ चांगला; बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. पवनचक्कीच्या पात्याची पारखही अशीच कानाने होते.

सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या दिसतात. अशी पाती साधारणपणे काचेचे तंतू राळेत बसवून करतात. प्रत्येक फेरीत पाते वाकते, वर्षानुवर्षे, कोट्यवधी वेळा. आधी राळेत बारीक भेगा पडतात, मग थर सुटतात, शेवटी तंतू तुटतात. वरून मात्र काही दिसत नाही. तंतू तुटतानाचा सूक्ष्म आवाज पात्यावर चिकटवलेले संवेदक टिपतात. ताठपणा घटला की कंपनेही मंदावतात. ही खूण वेळीच ओळखली, तर खालच्या माणसाचा जीव वाचतो.