पाय ठेवायची जागा

नवी सायकल घ्यायला गेलेला माणूस गिअर मोजतो, ब्रेक दाबतो, सायकल उचलून वजन पाहतो. पेडलकडे मात्र वाकून कुणी पाहत नाही. पुष्कळ सायकलींना मुळातच गुळगुळीत प्लास्टिकची, अरुंद पेडलं बसवलेली असतात. माझा पाय अशाच पेडलवरून सिंहगड उतरताना पावसात सटकला. पडलो नाही, पण नडगी सोलली आणि तेव्हापासून या वस्तूकडे मी नीट पाहू लागलो.

बूट अडकवायची पेडलं हीच खऱ्या सायकलस्वाराची, असं अनेकांना वाटतं. १९८५ साली बर्नार इनोने ती वापरून टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हापासून रस्त्यावरच्या शर्यतींतून पायाला बांधायचे पट्टे मागे पडत गेले. पण ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने डोंगरउताराच्या शर्यतीतली तीन विश्वविजेतेपदं सपाट पेडलांवर मिळवली. पुढे २०१७ ते २०१९ सलग तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजही तशीच जिंकली. पाय वर ओढून फार ताकद मिळते हा समजही तपासून पाहावा. नेहमीच्या चालवण्यात सायकल पुढे जाते ती मुख्यतः पाय खाली दाबल्यामुळे.

सपाट पेडल निवडताना आधी पायातल्या वहाणेकडे पाहा. ही दोघं जोडीनेच काम करतात. काळ्या, दणकट सायकलींना रबरी ठोकळ्यांची पेडलं असत. चप्पल घालून दुधाच्या किटल्या वाहणाऱ्यांसाठी ती उत्तम होती: तळवा टोचत नसे, चपलेचा तळ झिजत नसे. आजही रोज ऑफिसला किंवा मंडईत जायचं असेल तर मी रबरी पृष्ठभागाचं किंवा नायलॉनचं, अंगचेच बोथट उंचवटे असलेलं पेडल सुचवीन. धातूच्या टोकदार पिना चांगल्या बुटाचा तळ महिन्या-दोन महिन्यांत कुरतडतात.

खडकाळ पायवाटेवर मात्र पिनांना पर्याय नाही. सायकल दगडावरून उडते तेव्हा पाय जागच्या जागी धरून ठेवतात त्या पिनाच. चांगल्या पेडलच्या पिना स्क्रूसारख्या काढता येतात. मोडली तर बदला, फार टोचली तर मधल्या एक-दोन काढून टाका. पेडलचा मध्य कडांपेक्षा किंचित खोल असेल तर तळवा त्यात बसतो. जाडीही पाहावी, कारण पातळ पेडल दगडाला कमी अडतं. पण या पिनांवर खोल खाचांचे ट्रेकिंगचे बूट घालू नका. पिना खाचांत शिरून पाय भलत्याच कोनात अडकतो. सपाट तळाचे, मऊ रबराचे बूट हवेत. धावण्याच्या बुटांचा फोम फार मऊ असतो; अरुंद पेडलवर तो दुमडतो आणि तळवा दुखतो.

कोकणात चार दिवस सायकल न्यायची तर रुंदी सगळ्यात महत्त्वाची. दहा-अकरा सेंटिमीटरच्या पेडलवर पाय थोडा पुढे-मागे सरकवता येतो, आणि दुपारी बोटं बधिर होऊ लागली की ही मोकळीक फार मोलाची ठरते. मोठ्या पायाच्या माणसाने यात काटकसर करू नये. लांबच्या प्रवासात चिखलपाणी येणारच, म्हणून बंदिस्त बेअरिंग घ्यावं. सुट्या छर्‍यांचं पेडल स्वस्त असतं आणि उघडून ग्रीस भरता येतं, पण पावसाळ्यानंतर ते काम चुकवून चालत नाही.

कसरतीच्या बीएमएक्सवर नायलॉनचं पेडल पुष्कळांना आवडतं. ते हलकं असतं, आणि नडगीवर आदळलं तर धातूइतकं लागत नाही. लहान मुलांसाठीही मी तेच घेईन, छोट्या आकाराचं.

पेडल घरी बदलता येतं. बहुतेकांना १५ मिलिमीटरचा पाना किंवा आतून ॲलन की लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते चालवताना सैल होऊ नये म्हणून. त्यामुळे कुठल्याही बाजूचं पेडल बसवताना पाना वर उभा धरून सायकलच्या पुढच्या दिशेला ओढायचा, काढताना मागे. आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि सुरुवातीचे वेढे बोटांनीच फिरवा. बोटांनी सहज फिरत नसेल तर थांबा, बाजू चुकलेली असते.