बुशची कोरी बाजू

डोझरची चैन वापरून वापरून लांबते, पण तिच्यातलं पोलाद मात्र ताणलेलं नसतं. मग ही लांबी येते कुठून? सांध्यांतून! एका चैनीत 40 च्या आसपास कड्या असतात. शेजारच्या दोन कड्या एका पिनेवर जोडलेल्या, आणि पिनेवर बुशची नळी. पिन बुशच्या आत घासत राहते. समजा, दर सांधा 2 मिलिमीटरने सैल पडला, तर 40 सांध्यांचे मिळून 8 सेंटिमीटर झाले. वाढलेल्या चैनीचा आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे तिला फिरवणाऱ्या चाकाच्या, दातांचा मेळ मग जमेनासा होतो.

नांदेड जिल्ह्यात चैनीची परीक्षा घ्यायला जमीनही तशीच तरबेज आहे. विष्णुपुरीला गोदाकाठची काळी चिकण माती ओली झाली की दातांच्या खाचांत गच्च बसते आणि चैन नको तितकी ताठ होते. याच जिल्ह्यात दख्खनचा बेसॉल्ट संपत जातो आणि देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट वर येतो. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ कठीणपणात मोह्सच्या मापावर 7 भरतं. त्याचा बारीक चुरा सांध्यात शिरला की तो कानशीसारखं काम करतो. जमिनीसारखाच कामाचा प्रकारही चैनीला भोवतो. 2016 च्या टंचाईत लातूरजवळ मांजरा नदी खोल केली गेली, 2017 मध्ये राज्यात गाळमुक्त धरण योजना आली. अशा कामांत पोकलेन बहुतेक वेळ एका जागी उभं राहून खोदतं. माती लोटणारा डोझर मात्र दिवसभर पुढे-मागे चालतो, म्हणून त्याची चैन आधी जाते.

आता खरी गंमत. पुढे जाताना स्प्रॉकेटचा दात बुशच्या ठरावीक बाजूवरच दाब देतो आणि आत पिनही एकाच अंगाने घासते. म्हणजे चैन बाद झाल्यासारखी वाटली तरी पिनेची आणि बुशची दुसरी बाजू जवळजवळ कोरीच असते! कारागीर मोठ्या हायड्रॉलिक प्रेसवर चैन सोडवतो, पिन आणि बुश अर्धा फेरा फिरवून पुन्हा ठोकतो. यालाच पिन-बुश टर्निंग म्हणतात. सदऱ्याची विरलेली कॉलर उलटून शिवावी, तसा हा प्रकार. चैनीची लांबी मूळ मापाच्या जवळ येते आणि नव्या चैनीचा खर्च पुढे ढकलला जातो.

अट एकच: वेळ. बुशला वरून कठीण केलेला थर असतो. तो संपला की आतलं मऊ पोलाद भराभर झिजतं, बुशला तडे जातात आणि फिरवण्यासारखं काही उरत नाही. म्हणून माप घ्यायचं. स्प्रॉकेटच्या दातात एक सुटी पिन अडकवून चैन ताणून घ्यायची, चार कड्यांची लांबी टेपने मोजायची आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहायची.

बाकीचे स्वस्त उपायही कामाचे. चैनीवरच्या प्लेटची झिजलेली पाती नवी पट्टी वेल्ड करून उंच करता येते. प्लेट वाकलेली किंवा तडकलेली नसली म्हणजे झालं. चैन ज्यांवरून सरकते ते रोलर आणि पुढचं चाक म्हणजे आयडलर, यांच्यावर वेल्डिंगने धातू चढवून ते लेथवर मापात आणता येतात, पण त्याआधी आतला शाफ्ट आणि सील तपासून घ्यावं. लांबलेल्या जुन्या चैनीवर नवं स्प्रॉकेट मात्र बसवू नये. माप जुळत नाही आणि नवे दात अकाली झिजतात.

बिनपैशाचे उपायही आहेत. संध्याकाळी चिखल काढणं, चैनीला कंपनीच्या पुस्तकात दिलेला झोल ठेवणं, विनाकारण रिव्हर्समध्ये न पळवणं. रिव्हर्समध्ये ताण आयडलरला वळसा घालून वरच्या बाजूने येतो, जास्त सांधे ओझ्याखाली वळतात आणि झीज वाढते. चैन सैल करताना ग्रीसच्या व्हॉल्व्हसमोर तोंड नेऊ नका. आतला दाब जीवघेणा असतो.

डोझरच्या देखभालीचा साधारण निम्मा खर्च चैन, रोलर आणि स्प्रॉकेट या खालच्या भागावरच होतो, असं या धंद्यात मानलं जातं. तेव्हा मालकांनो, चैन दातांवरून उड्या मारू लागेपर्यंत थांबू नका. या हंगामाआधी टेप घ्या आणि चार कड्या मोजा.