तेरमध्ये बसून आयआयटीचं लेक्चर : मोबाइलवर पाहून विषय खरंच सुटतो का?

तेरहून धाराशिव साधारण वीस किलोमीटर. एसटी वेळेवर मिळाली तर पहिलं लेक्चर गाठता येतं, चुकली तर दुसऱ्या तासाला मागच्या बाकावर. सोयाबीनच्या काढणीत घरी माणसं कमी पडली की आठवडाभर कॉलेज बुडतं आणि नेमका त्याच आठवड्यात गणिताचा अख्खा युनिट संपतो. मग मित्राच्या वहीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. त्यातलं किती कळतं, हे असे फोटो पाहून पेपर दिलेल्यांना सांगायला नको.

मीही त्यातलाच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझा 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' राहिला होता. सुट्टीत गावी बसून एनपीटेलवरची लेक्चरं ओळीने पाहिली, रोज तीन-तीन. सगळं कळतंय असं वाटत होतं. पेपरात कन्व्होल्यूशनचा साधा प्रश्न आला आणि पहिली ओळ लिहिता येईना. विषय पुन्हा राहिला. पुढच्या वेळी लेक्चरं निम्मीच पाहिली आणि सुटलो. फरक कुठे पडला ते पुढे सांगतो, कारण या लेखाचा मुद्दा तोच आहे.

आधी, हे सगळं येतं कुठून?

घरबसल्या कॉलेजचं लेक्चर ही कल्पना मोबाइलच्या आधीची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केलं. त्याचे कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांत पुणे विद्यापीठाचं केंद्रही होतं. अडचण एकच, वेळ दूरदर्शनची. त्या वेळी तुम्ही रानात असाल तर लेक्चर गेलं ते गेलंच.

अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये आपल्या कोर्सचं साहित्य सगळ्यांसाठी मोफत खुलं करण्याची घोषणा केली. गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनियर अल्जेब्राची लेक्चरं १९९९ मध्ये वर्गातच रेकॉर्ड झालेली, फळ्यावर खडूने शिकवलेली. आजही जगभरची मुलं ती पाहतात. आपल्याकडे २००३ मध्ये सात आयआयटी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून एनपीटेल सुरू केलं. आयआयटी दिल्लीच्या नवीन गर्ग यांचं डेटा स्ट्रक्चर्स किंवा आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांचं भौतिकशास्त्र, ही लेक्चरं कुठल्या तरी सीनियरने 'हे बघ' म्हणून पाठवलेली असतातच.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचं 'स्वयं' हे पोर्टल सुरू झालं. त्यावर इंजिनिअरिंगखेरीज कला, वाणिज्य, विज्ञान, व्यवस्थापन असे सगळेच विषय येतात. त्याच दिवशी 'स्वयंप्रभा' हे टीव्ही चॅनेलही आले, सुरुवातीला ३२. फ्री डिशवर दिसणाऱ्या या चॅनेलची रचना अशी, की रोज किमान चार तासांचं नवं साहित्य आणि तेच दिवसभरात आणखी पाच वेळा. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडिलांबरोबर शेतात जातो, त्या घरासाठी ही सोय अजूनही कामाची आहे. तिची चर्चा मात्र फारशी होत नाही.

नेट किती लागेल?

हा प्रश्न पहिला येतो, म्हणून हिशेबच करू. फोनवर एक तासाचा व्हिडिओ ३६०पी क्वालिटीत पाहिला तर साधारण ३०० एमबी जातात. फळ्यावरचं लेक्चर असेल तर कमीही, कारण चित्र फारसं हलत नाही. बारा आठवड्यांचा कोर्स म्हणजे तीसेक तासांचे व्हिडिओ, म्हणजे सगळे मिळून नऊ जीबी. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर सहा दिवसांचा डेटा, आणि तो तीन महिन्यांत विभागला जाणार. खर्चापेक्षा रेंज जास्त त्रास देते.

त्यावर उपाय डाउनलोड. धाराशिवला कॉलेजच्या वायफायवर आठवड्याची लेक्चरं उतरवून घ्यायची आणि घरी नेट बंद करून पाहायची. एनपीटेलच्या साइटवर बऱ्याच जुन्या कोर्सचे व्हिडिओ आणि लेखी उतारे उतरवून घेता येतात, यूट्यूब अ‍ॅपमध्येही ऑफलाइनची सोय आहे. क्वालिटी मात्र १४४पीवर नेऊ नका. त्यात फळ्यावरचा पाय आणि एन सारखेच दिसतात, मी भोगलंय. ज्या विषयात समीकरणं नाहीत तिथे नुसता ऑडिओसुद्धा चालतो, तासाला साठेक एमबी. अर्थशास्त्र किंवा इतिहासाचं लेक्चर एसटीत ऐकून होतं. थर्मोडायनॅमिक्सचं होत नाही.

पाहिलं म्हणजे आलं?

तेरच्या वाचकांना ही गोष्ट नव्याने सांगायची गरज नाही. संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली होती. काकांनी मडकी तपासायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं, कोण पक्कं आणि कोण कच्चं. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. आख्यायिका आहे, पण कुंभाराची रीत खरी आहे. मडकं दिसायला सगळं सारखंच असतं, वाजवल्याशिवाय कळत नाही.

रेकॉर्ड केलेल्या लेक्चरचा धोका इथेच आहे. चांगला प्राध्यापक गणित इतकं सहज सोडवतो की आपल्यालाही ते आलं असं वाटतं. रोडिजर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यावर बोलतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ६१ टक्के आठवत होतं, नुसतं वाचणाऱ्यांना ४०. माझ्या रोजच्या तीन लेक्चरांचं काय झालं, ते मला हा प्रयोग वाचल्यावर कळलं. पेपर आठवड्याने असतो, पाच मिनिटांनी नसतो.

मग पाहायचं कसं? मी दुसऱ्या वेळी केलं ते असं. लेक्चर उघडण्याआधी विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि जुने तीन-चार पेपर समोर ठेवले. एनपीटेलच्या चाळीस लेक्चरांपैकी माझ्या पेपराला लागणारी वीसच होती, बाकीची सोडली. हे सोडणं जड जातं, आयआयटीचं लेक्चर वगळणं पाप केल्यासारखं वाटतं. वगळा. विषय सुटल्यावर आवड म्हणून खुशाल पाहा.

पाहताना दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे केले. सरांनी गणित फळ्यावर मांडलं की व्हिडिओ थांबवायचा, फोन उलटा ठेवायचा आणि ते आपण वहीत सोडवायचं. अडलं तरी चालेल, पण कुठे अडलं ते लिहायचं. मग प्ले. सर तिथे काय करतात हे आता डोळे उघडून पाहिलं जातं, कारण तुम्ही त्याच जागी दोन मिनिटं अडकून बसलेला असता. पन्नास मिनिटांच्या लेक्चरला अशाने दोन तास लागतात. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर कालचं जेवढं आठवेल तेवढं लिहायचं आणि मगच पुढचं लेक्चर.

तुकडे करण्याला आधारही आहे. ईडीएक्स या प्लॅटफॉर्मवरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही मोठा असला तरी लोक सलग पाहत होते ते मध्यम हिशेबाने जास्तीत जास्त सहा मिनिटं. त्यामुळे अर्ध्या तासाने तुमचं लक्ष उडालं तर त्यात तुमचा दोष शोधू नका.

दुप्पट वेगाने पाहायचं का, हा हॉस्टेलवरचा नेहमीचा वाद. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठातल्या संशोधकांना दुप्पट वेगापर्यंत समजण्यात फारसा फरक आढळला नव्हता. पण ती मुलं आपल्या सरावाच्या इंग्रजीत ऐकत होती. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आणि खरगपूरच्या प्राध्यापकाचा बंगाली वळणाचा इंग्रजी उच्चार पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलीने त्यावर विसंबू नये. तिने सुरुवातीला पाऊणपट वेगच ठेवावा, लाज वाटायचं कारण नाही.

इंग्रजीचं काय करायचं?

खरा अडसर बहुतेक वेळा विषयाचा नसतो, भाषेचा असतो. एनपीटेलच्या अनेक कोर्सचे लेखी उतारे आहेत आणि त्यांतल्या काहींची मराठी भाषांतरंही साइटवर मिळतात. भाषांतर कधीकधी पुस्तकी वाटतं. तरी आधी मराठी उतारा वाचून मग सबटायटल लावून इंग्रजी लेक्चर पाहिलं तर वाट सोपी होते. पेपर इंग्रजीत लिहायचा असेल तर संज्ञा इंग्रजीतच पाठ ठेवा. 'संवलन' म्हणजे कन्व्होल्यूशन, हे परीक्षेच्या हॉलमध्ये आठवत बसायला वेळ नसतो.

प्रोग्रामिंग किंवा सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरिअल' हा प्रकल्प माझ्या मते सगळ्यांत उपयोगी आहे, आणि आपल्याकडे तो कमीच माहीत आहे. प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला. साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, विषय पायथन, सी, लिबरऑफिस, सायलॅब वगैरे. पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहतं, बोलणं मात्र मराठीत मिळतं. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर तुमचं सॉफ्टवेअर, व्हिडिओत जे होईल ते तुम्ही लगेच करायचं, अशीच त्याची आखणी आहे. कॉम्प्युटर लागतो ही अडचण आहेच, पण शिकवायला समोर माणूस नाही हे गृहीत धरून बनवलेलं साहित्य मराठीत दुसरं फारसं नाही.

शंका कुणाला विचारायची?

व्हिडिओ उत्तर देत नाही. म्हणून वहीत शंका लिहिताना व्हिडिओची वेळही लिहा, '२३:४० ला इंटिग्रलची खालची मर्यादा शून्य का घेतली?' अशी. 'सर, कन्व्होल्यूशन कळलं नाही' या मेसेजला उत्तर येत नाही, कारण काय उत्तर द्यावं हे सरांनाही कळत नाही. २३:४० ला उत्तर येतं, दोन ओळींत. कोर्सला रीतसर नोंदणी केली असेल तर त्याच्या चर्चा-मंचावरही शंका विचारता येते, पण कोर्स चालू असतानाच.

लॉकडाऊनमध्ये तुमच्याच कॉलेजच्या शिक्षकांनी घेतलेली लेक्चरं कुणाच्या तरी ड्राइव्हवर पडून असतील तर तीही शोधा. ती तुमच्याच अभ्यासक्रमाची आहेत, आवाज खरखरीत असला तरी. फक्त शिक्षकांना न विचारता ती यूट्यूबवर चढवू नका.

सर्टिफिकेट, क्रेडिट आणि पैसे

शिकणं मोफत, परीक्षा सशुल्क. एनपीटेलचे कोर्स मुख्यतः जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात, ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. दर आठवड्याला असाइनमेंट असते. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये त्यातल्या सर्वोत्तम आठ धरल्या जातात. २५ गुण असाइनमेंटचे, ७५ गुण केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळी अट आहे, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. म्हणजे असाइनमेंट बुडवून फक्त परीक्षेवर भागत नाही. फी अलीकडच्या सत्रांत एका कोर्सला हजार रुपयांच्या घरात आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५० टक्के सवलत मिळते. परीक्षेचं शहर अर्ज भरतानाच निवडायचं असतं. धाराशिव, लातूर, सोलापूर यांपैकी काय यादीत आहे ते तेव्हाच पाहून जाण्या-येण्याचा खर्च धरा.

फी भरल्याने आणखी एक गोष्ट होते. एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन कोर्सचा आढावा 'सायन्स' या नियतकालिकात २०१९ मध्ये आला होता. २०१७-१८ मध्ये नोंदणी करणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला. पैसे भरून सर्टिफिकेटच्या वाटेने गेलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होतं. ज्यांना मुळात पूर्ण करायचा असतो तेच पैसे भरतात, हेही त्यात आलं. तरी हजार रुपये गेले की असाइनमेंटची तारीख लक्षात राहते, हा माझा अनुभव.

क्रेडिटबाबत गैरसमज जास्त आहेत. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स 'स्वयं'वरून करता येतात, आधी ही मर्यादा २० टक्के होती. पण कुठला कोर्स कुठल्या विषयाच्या जागी धरायचा, हे तुमचं विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. त्यामुळे नोंदणीआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. सर्टिफिकेट हातात आल्यावर 'हा आपल्याकडे चालत नाही' असं ऐकायची वेळ येऊ नये.

आणि प्रॅक्टिकल? ते घरी होत नाही. शिक्षण मंत्रालयाचा 'व्हर्च्युअल लॅब्ज' हा प्रकल्प आहे, त्यात पुण्याचं सीओईपीही सहभागी आहे. प्रयोगाची पद्धत आणि आलेख तिथे ब्राउझरवर समजून घेता येतात. पण मल्टिमीटरचा नॉब चुकीच्या जागी ठेवला की काय होतं, ते हाताला कळावं लागतं. म्हणून काढणीच्या आठवड्यात कॉलेजला एकच दिवस जाणं जमणार असेल, तर टाइमटेबल बघा आणि प्रॅक्टिकलचा दिवस निवडा. लेक्चर रात्री पाहता येईल.