जुनी मोटारसायकल पारखताना

तालुक्याच्या गावी राहून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या शाळेत रोज ये-जा करणारे शिक्षक आपल्याकडे खूप आहेत. सकाळची एस.टी. चुकली की पहिली घंटा चुकते, आणि संध्याकाळची चुकली की घरी पोचायला रात्र होते. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी मोटारसायकल घ्यायचे ठरते, आणि मग सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी कंपनीचे नाव सांगतो, कोणी रंग चकचकीत आहे म्हणतो. आम्हाला हा प्रश्न बराचसा मोजमापाचा वाटतो.

प्रथम अंतर मोजू. पस्तीस किलोमीटर जाणे, तेवढेच येणे, वर्षाला २२० दिवस, म्हणजे १५,४०० किलोमीटर. ३०,००० किलोमीटर झालेली गाडी घेतली तर तीन वर्षांत ती ७५,००० ओलांडते. गावात बाजारहाट करणाऱ्याला जी गाडी दहा वर्षे पुरेल, ती आपल्याला तीन-चार वर्षांतच जीर्ण वाटू लागेल. म्हणून गाडी किती वर्षांची आहे यापेक्षा तिचे किती आयुष्य शिल्लक आहे, हे पाहायचे.

आता शक्तीचा हिशेब. सपाट रस्त्यावर एकच वेग राखताना इंजिन मुख्यतः दोन गोष्टींशी झगडते: चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध. घर्षण वेगाबरोबर फारसे वाढत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. माणूस आणि गाडी मिळून दोनशे किलो धरले, तर ताशी ६० किलोमीटरला ढोबळमानाने तीन अश्वशक्ती लागते. ८० ला साडेसहा! शंभर सी.सी.च्या गाडीची कमाल शक्ती आठच्या आसपास असते. म्हणजे महामार्गावर ८० ने जाणारी ही गाडी जवळजवळ पूर्ण पिळलेली असते, तिचे तेल तापते आणि झीज वाढते. हाच वेग १२५ किंवा १५० सी.सी.ची गाडी निवांतपणे राखते. उलट, रस्ता गावागावांतून जाणारा, खड्ड्यांचा आणि पन्नासच्या आतला असेल तर शंभर सी.सी. पुरेशी आहे, जास्तीचे इंजिन म्हणजे उगाच जास्त पेट्रोल. लिटरला ६० ऐवजी ४५ चा ॲव्हरेज मिळाला तर वर्षाला सुमारे ८५ लिटर पेट्रोल अधिक जळते. तेव्हा आधी आपला रस्ता पाहावा, मग गाडी.

'विश्वसनीय' या शब्दाचाही जरा विचार करू. गाडी किती वेळा बिघडते हा त्याचा एक अर्धा भाग, आणि बिघडल्यावर किती दिवस उभी राहते हा दुसरा. एक गाडी वर्षातून दोनदा अडते, पण नाक्यावरचा फिटर तासाभरात ती चालू करतो. दुसरी एकदाच अडते, पण तिचा सुटा भाग शहरातून यायला आठ दिवस लागतात. शाळेच्या दृष्टीने पहिलीच विश्वसनीय. आपल्या वाटेवरच्या गावांत ज्या गाडीचे चेनसेट, क्लच प्लेट आणि केबल सहज मिळतात, ती घ्यावी. एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.-६ मानकाच्या गाड्यांत इंधन सहसा इंजेक्शनने जाते. त्या पेट्रोल नेमके मोजून घेतात, पण त्यांना बॅटरी ठणठणीत लागते आणि बिघाड शोधायला तपासणी यंत्र. आपल्या फिटरकडे ते आहे का, हे आधीच विचारून ठेवावे.

प्रत्यक्ष गाडी पाहायला सकाळी जावे, आणि विकणाऱ्याला ती आधी चालू करू नका असे सांगावे. गेल्यावर इंजिनला हात लावून पाहावा. गरम लागले तर थंड इंजिन सुरू होण्याचा त्रास लपवला जात असण्याची शक्यता आहे. थंडीत सुरुवातीला निघणारी पांढरट वाफ ही पाण्याची असते, तिची काळजी नको. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. मूठ पिळत नेताना तो सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजलेला असतो. मूठ सोडून पुन्हा पिळल्यावर एकदम येत असेल तर झडपांच्या सीलचा संशय घ्यावा. मूठ बंद असताना आतल्या नळीत पोकळी निर्माण होते आणि ऑइल खेचले जाते. पहिल्या दुखण्याचा खर्च मोठा, दुसऱ्याचा कमी.

चेन 'ताणते' असे आपण म्हणतो. वास्तविक लोखंड ताणलेले नसते, प्रत्येक पिनेजवळ थोडीथोडी झीज होऊन लांबी वाढते. आपल्याकडच्या बहुतेक साध्या मोटारसायकलींच्या चेनमध्ये दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. चेनकव्हर काढून, चेन ताठ धरून, वीस कड्या मोजाव्यात. नवी चेन २५४ मिलिमीटर भरेल. अडीच मिलिमीटर जास्त भरली तर एक टक्का झीज झाली, आणि चेन-स्प्रॉकेटचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. (आठवी-नववीच्या मुलांकडून हे मोजमाप शाळेच्या आवारातल्या गाड्यांवर करून घेता येईल; इंजिन मात्र बंद असावे.)

किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, तो मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, मुठी आणि फूटरेस्ट मागे फिरवता येत नाहीत. मीटर १८,००० दाखवतो आणि पायपट्टी गुळगुळीत झालेली, तर आमचा विश्वास पायपट्टीवर. टायरवर चार आकड्यांचा तारीखशिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही रबर कडक झालेले असू शकते, आणि ओल्या रस्त्यावर ते घसरते. पावसाळ्यात जाणाऱ्याने याकडे काणाडोळा करू नये.

मुख्य स्टँडवर गाडी लावून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल सावकाश फिरवावे. बरोबर मध्यावर ते अडखळले तर कोनसेट गेला. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे खड्ड्यांचे धक्के गोळ्यांमार्फत त्याच जागी बसून तेथे खळगे पडतात. मग चाके एका रेषेत आहेत का ते पाहावे. मागच्या टायरच्या दोन्ही कडांवरून दोरी ताणून पुढे न्यावी, पुढच्या टायरपाशी दोन्हीकडे सारखी फट राहिली पाहिजे. ती कमीजास्त असेल तर आधी मागचे चाक चेनच्या खुणांवर सरळ बसवून पुन्हा पाहावे. तरीही फरक राहिला तर सांगाडा वाकलेला असू शकतो, आणि अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी आम्ही घेणार नाही.

कागदपत्रांत चासी आणि इंजिनचा क्रमांक आर.सी.शी स्वतः ताडून पाहावा, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहावे. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. नावबदलासाठी नमुना २९ आणि ३० वर सह्या पैसे देतानाच घ्याव्यात. एकाच राज्यातील व्यवहार असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विम्याची पॉलिसीही त्याच वेळी आपल्या नावावर करून घ्यावी.