काळ्या तेलाची परीक्षा

मोटार बाळगणाऱ्या घरांत दोन समजुती फार दृढ झालेल्या आढळतात. पहिली ही कीं, तेल काळें झालें म्हणजे तें बिघडलें. दुसरी ही कीं, गाडी रोज थोडी थोडी आणि सावकाश चालविली म्हणजे इंजिनाचें आयुष्य वाढतें. दोन्ही समजुती दिसावयास सयुक्तिक आहेत. परंतु तेलाची खरी परीक्षा जेथें होते, त्या प्रयोगशाळेंत त्यांपैकीं एकहि टिकत नाहीं.

धातूच्या दोन पृष्ठभागांमध्यें पातळ पडदा धरून ठेवणें हें तेलाचें काम सर्वांस ठाऊक असतें. पण जळणाची घाण अंगावर घेणें हेंहि त्यालाच करावें लागतें. जळालेल्या पेट्रोलचे वायु पिस्टनच्या कड्यांवरून थोडे थोडे खालीं निसटतात. त्यांत पाण्याची वाफ असते, अर्धवट जळालेलें इंधन असतें, नायट्रोजनचीं ऑक्साइडें असतात. इंजिन चांगलें तापलेलें असेल तर पाणी आणि इंधन उडून जातें. तें कोमटच राहिलें तर हें सारें तेलांत मुरतें आणि कालांतरानें त्याचा दाट, काळा गाळ बनतो. हा गाळ तेल ओढून घेणाऱ्या जाळीवर बसला कीं पंपाची उपासमार होते, बेअरिंगें कोरडीं पडतात आणि हजारों रुपयांचें इंजिन वाटेंतच जाम होतें.

म्हणून गाळाची चांचणी इंजिन जोरानें पळवून घेत नाहींत. अमेरिकेंत या कामासाठीं फोर्डचें ४.६ लिटरचें, आठ सिलिंडरांचें इंजिन वापरतात. चार तासांची एक फेरी असते. पहिले दोन तास इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेतें आणि तेल ६८ अंश सेल्सिअसवर ठेवतात. पुढें सव्वा तास २,९०० फेरे आणि १०० अंश. आणि शेवटचा पाऊण तास केवळ ७०० फेरे आणि ४५ अंश. अशा ५४ फेऱ्या, म्हणजे २१६ तास, एकाच तेलावर काढावयाच्या. येथें बर्फ नाहीं कीं हिमवर्षाव नाहीं. ४५ अंशांचें कोमट तेल मुंबई-पुण्याच्या गाडींतहि सकाळच्या पहिल्या कांहीं मिनिटांत असतेंच. मुलाला शाळेंत सोडून लगेच परतणारी आणि चौकाचौकांत थांबणारी गाडी ही चांचणीच रोज देत असते. मात्र घरधन्याला वाटतें कीं आपण इंजिन जपतों आहों!

चांचणी संपल्यावर इंजिन उलगडून तज्ज्ञ निरीक्षक भागाभागाला गुण देतात. निर्मळ भागाला दहा. २०२० सालीं अमलांत आलेल्या ‘जीएफ-६’ या मानकाप्रमाणें गाळाच्या बाबतींत इंजिनाची सरासरी निदान ७.६ भरावी लागते. शाळेंत एवढे गुण मिळविणारा मुलगा पेढे वाटील. येथें तो जेमतेम उत्तीर्ण होतो.

याहून कौतुकाची गोष्ट अशी कीं, परीक्षकाचीहि परीक्षा होते. ज्यांचे गुणावगुण आधींच ठाऊक आहेत अशीं तेलें केवळ सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळेकडे येतात. तेल कोणतें, हें तिला सांगत नाहींत. तिचा निकाल अपेक्षित मर्यादेंत आला तरच तिच्या यंत्रावर नवें तेल तपासण्यास मान्यता मिळते. ही पद्धति आमच्या शिक्षणखात्यानें उचलावी असें कोणासहि वाटेल.

आतां काळ्या रंगाविषयीं. चांगल्या तेलांत मळ विखरून धरणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. तीं काजळीच्या कणांना वेढून एकमेकांना चिकटूं देत नाहींत, त्यामुळें मळ भिंतींवर न बसतां तेलांतच तरंगत राहतो. तेल काळें दिसतें तें याच कारणानें. उलट, पुष्कळ चाललेल्या गाडीचें तेल स्वच्छच राहिलें तर मळ गेला कोठें, हा प्रश्न विचारावा लागतो.

झिजेची परीक्षा निराळी. तिचें एक साधें यंत्र नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथें बोर्लाखे यांनीं बनविलें आणि त्याचें वर्णन १९३३ सालीं प्रसिद्ध झालें. अर्ध्या इंचाच्या तीन पोलादी गोळ्या तेलांत घट्ट बसवावयाच्या आणि चौथी त्यांवर दाबून फिरवावयाची. मग सूक्ष्मदर्शकाखालीं गोळ्यांवरील व्रणाचा व्यास मोजावयाचा. युक्ति सुबक आहे, पण गोळ्यांवर सरस ठरलेलें तेल इंजिनांत सरस ठरेलच असें नाहीं. म्हणून येथेंहि शेवटीं इंजिनच लागतें. निसानच्या २.४ लिटर इंजिनावर पूर्वीं १०० तासांची चांचणी घेत. तींत दर तासाचीं पन्नास मिनिटें इंजिन नुसतें मंद फिरे. नंतर कॅमशाफ्टच्या बाराहि कॅमांची झीज प्रत्येकीं सात जागीं मोजीत. सातांची बेरीज घेऊन बारांची सरासरी काढली असतां ती ९० मायक्रॉनच्या, म्हणजे सुमारें केंसाच्या जाडीच्या, आंत असावी, अशी अट होती. २०२० पासून तिची जागा टोयोटाच्या दीड लिटर इंजिनावरील २०० तासांच्या चांचणीनें घेतली.

झीज टाळणारें प्रमुख द्रव्य जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचें संयुग असतें. दाब आणि उष्णता यांच्या योगानें तें पोलादावर कांचेसारखा पातळ थर धरतें आणि धातूऐवजीं तो थरच झिजतो. मग तें भरपूर कां घालीत नाहींत? कारण फॉस्फरस धुराबरोबर जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. त्यामुळें २००४ सालच्या ‘जीएफ-४’ मानकानें पेट्रोल-गाड्यांच्या तेलांतील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली. इंजिन वांचवावें तर हवा बिघडते, असा हा पेंच आहे. आणि किती थोड्यांत भागतें हें कॅमांची झीज मोजल्याखेरीज कळत नाहीं.

घरीं मात्र एक टीपकागद पुरे. इंजिन गरम असतां तेलाच्या कांडीवरील एक थेंब कागदावर टाकावा आणि तो आडवा, अधांतरीं ठेवून दुसऱ्या दिवशीं पाहावा. करडा रंग मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू फिकट होत पसरला असेल तर मळ धरणारीं द्रव्यें अजून कामावर आहेत. मधोमध गडद काळा ठिपका, त्याला रेखीव कडा आणि भोंवतीं स्वच्छ तेलाचें कडें दिसलें, तर गाडीच्या पुस्तकांत सांगितलेले मैल भरण्याची वाट न पाहतां तेल बदलावें.