दक्षता आयुक्त कोणाचा?

पेढीवरील मुनिमाचे हिशेब तपासावयास एक माणूस हवा असे ठरले, आणि तो माणूस निवडण्याचे काम मुनिमाकडेच सोपविले, तर कोणीही व्यवहारी गृहस्थ हसेल. राज्यकारभारात मात्र हीच गोष्ट घडली तर आपल्याला तितकेसे हसू येत नाही. शासनातील लाचलुचपतीवर नजर ठेवणारा अधिकारी शासनानेच नेमावयाचा. मग त्याने शासनाला टोकावे कोणाच्या बळावर?

संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला, पण तो शासनाच्या एका ठरावाने. ठरावाने जे उभे राहते, ते दुसऱ्या ठरावाने मोडताही येते. १९९७ साली विनीत नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयोगास कायद्याचा आधार देण्यास सांगितले, आणि २००३ साली एकदाचा तो कायदा झाला. जवळजवळ चाळीस वर्षे हा पहारेकरी ठरावाच्या कागदावर उभा होता!

ह्या कायद्याने आयुक्ताला चार वर्षांची किंवा वयाच्या पासष्टीपर्यंतची, जे आधी येईल तितकी, मुदत दिली. गैरवर्तनाच्या आरोपावरून त्याला काढावयाचे तर आधी सर्वोच्च न्यायालयाने चौकशी करावी लागते. ह्याहूनही महत्त्वाचे, पण कमी बोलले जाणारे कलम निवृत्तीनंतरचे आहे. पद सोडल्यावर त्याला राजदूतपद नाही, केंद्रशासित प्रदेशाचे प्रशासकपद नाही, केंद्राचे वा राज्याचे कोणतेही लाभपद नाही. माणूस धमकीने वाकतो त्यापेक्षा उद्याच्या आशेने अधिक वाकतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते असे दिसते.

नेमणुकीचे दार मात्र अर्धवटच बंद झाले. शिफारस करणाऱ्या समितीत पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेता असे तिघे. म्हणजे दोन मते शासनाचीच. २०१० साली पी. जे. थॉमस यांची निवड सुषमा स्वराज यांचा विरोध डावलून झाली. केरळातील पामतेल आयात प्रकरणात त्यांच्यावर आरोपपत्र होते. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिफारस रद्द ठरविली. थॉमस दोषी आहेत की नाहीत, हा प्रश्न न्यायालयाने घेतला नाही. संस्थेची प्रतिष्ठा समितीने विचारात घेतली का, एवढेच पाहिले. विरोधी सदस्याला नकाराधिकार नाही, पण त्याने विरोधाची कारणे द्यावीत व बहुमतानेही ती डावलण्याची कारणे नोंदवावीत, असेही सांगितले.

इतके करूनही आयोगाचा शब्द अखेर सल्ल्याचाच. अधिकाऱ्यावर कारवाई करा असे आयोगाने सांगितले, तरी शासन नाकारू शकते. फक्त त्याची कारणे लेखी कळवावी लागतात. आयोगाचा वार्षिक अहवाल राष्ट्रपतींकडे व तेथून संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे जातो, आणि शासनाने सल्ला कोठे मानला नाही ते त्यात वाचावयास मिळते. वाचणारे किती, हा प्रश्न निराळा.